शून्याचा धनी

गेल्या वर्षी उन्हाळ्याचे दोन महिने मी योकोहामाला मुलाकडे काढले. माझ्यासारख्या पेन्शनर माणसाला परदेशात काम असे काही नसते. सकाळी फिरून यावे, दुपारी घटकाभर पडावे आणि संध्याकाळी नातवाची वाट पाहावी, असा माझा दिनक्रम होता. नातू दहा वर्षांचा आहे. माझ्याशी तो मराठीत बोलतो, आणि झोपेत जपानीत बडबडतो असे सूनबाई सांगतात. रविवारी तो फुटबॉल खेळतो. त्या वयाच्या मुलांचे सामने तिकडे आठ-आठ जणांचे असतात. आमची स्वारी बचावाच्या फळीत असते.

अशाच एका रविवारी आम्ही सगळे त्याचा सामना पाहायला गेलो. त्याचा संघ १–० असा जिंकला. ज्या मुलाने गोल केला त्याला बाकीच्यांनी गराडा घातला. कोणी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, कोणाच्या आईने त्याचे फोटो काढले. आमचा नातू मात्र हातातली पाण्याची बाटली हलवीत कडेला उभा होता. परत येताना गाडीतही त्याच्या तोंडून शब्द निघेना. शेवटी मी विचारले, "का रे, जिंकलात ना? मग तोंड का असं?"

खिडकीबाहेर पाहत तो म्हणाला, "आजोबा, मी काही केलंच नाही."

त्याची समजूत घालणे काही अवघड नव्हते. 'असं कसं, तू किती छान खेळलास,' एवढे म्हटले असते तरी भागले असते. पण माझ्याने ते म्हणवेना. कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा उच्चारले होते. स्वतःबद्दल नव्हे, दुसऱ्या एका माणसाबद्दल. आणि ते उच्चारताना मला हसू येत होते. त्याची हकीकत पुढे येईलच.

मुलाने आरशातून मागे पाहिले आणि म्हटले, "बाबा, याला एकदा मात्सुदाची गोष्ट सांगायला हवी."

पुढच्या शनिवारी तो आम्हां दोघांना शिन-योकोहामाच्या मोठ्या स्टेडियममध्ये घेऊन गेला. योकोहामा एफ. मारिनोस या संघाचा सामना होता. आमच्या दोन रांगा पुढे माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या अंगात धुऊन धुऊन विटलेली निळी जर्सी होती, आणि पाठीवर ३ हा आकडा. मी मैदानावरच्या खेळाडूंत ३ नंबर शोधू लागलो. दोन आहे, चार आहे, तीन काही सापडेना. मुलगा म्हणाला, "शोधू नका. या संघात तो आकडा आता कोणालाच देत नाहीत. तो नाओकी मात्सुदाचा होता."

त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत मी या माणसाची जी माहिती गोळा केली, ती गोष्ट म्हणून सांगावी एवढी चमत्कारिक नाही. पण तिने माझ्यापुढे एक प्रश्न उभा केला, आणि तो अजून माझी पाठ सोडीत नाही. जे घडले त्याचे श्रेय कोणाला द्यायचे हे आपण लगेच ठरवतो. जे घडले नाही त्याचे श्रेय कोणाचे?

मात्सुदाचा जन्म १९७७ सालचा, गुन्मा प्रांतातल्या किर्यू गावचा. शाळा संपवून १९९५ साली तो योकोहामा मारिनोस संघात दाखल झाला, आणि त्याच वर्षी त्या संघाने जपानच्या लीगचे विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी अटलांटा ऑलिंपिक आले. त्यातला जपानचा पहिला सामना मायामी शहरात ब्राझीलशी होता. ब्राझीलच्या ताफ्यात बेबेतो, रिव्हाल्डो, रोबेर्तो कार्लोस, आणि पुढे जगभर गाजलेला तरुण रोनाल्डो असे खेळाडू होते. सामना एकतर्फी होणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती, आणि एका अर्थाने तो एकतर्फी झालाही. ब्राझीलने गोलाच्या दिशेने अठ्ठावीस वेळा चेंडू मारला, जपानने अवघा चार वेळा. तरी निकाल लागला जपान १, ब्राझील ०. जपानात आजही त्याला 'मायामीचा चमत्कार' म्हणतात.

तो एक गोल तेरुयोशी इतोचा. ब्राझीलचा बचावपटू आणि गोलरक्षक एकमेकांवर आदळले, चेंडू घरंगळत आला, आणि इतोने तो रिकाम्या जाळ्यात ढकलला. गोलरक्षक योशिकात्सु कावागुचीचेही नाव झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. परंतु त्याच्यापुढे उभे राहून ब्राझीलच्या लाटा दीड तास अंगावर घेणाऱ्या फळीत एकोणीस वर्षांचा मात्सुदा होता, हे आठवण करून दिल्याशिवाय कोणाला आठवत नाही.

आता गंमत पाहा. १–० या निकालात दोन आकडे आहेत. त्यातल्या एकाला नाव असते, गाव असते, मिनिट असते. बहात्तराव्या मिनिटाला इतो, असे वर्तमानपत्रात छापून येते. शून्याला मात्र नाव नसते. ते कोणी केले, कितव्या मिनिटाला केले, हे कुठल्याच कोष्टकात नसते. खरे तर त्या दिवशी सामना जिंकायला एकाइतकीच शून्याचीही गरज होती. तो एक गोल अर्ध्या क्षणाचे काम होता, आणि ते शून्य मात्र नव्वद मिनिटे प्रत्येक क्षणी नव्याने करावे लागत होते. शून्य ही आपण भारतीयांनी जगाला दिलेली देणगी, असा आपला अभिमान. पण तेही कोणी तरी घाम गाळून मिळवलेले असू शकते, हे मला साठी उलटल्यावर एका जपानी खेळाडूने शिकवले.

हेच पुढे २००२ साली घडले. त्या वर्षी विश्वचषक स्पर्धा जपान आणि दक्षिण कोरियात होती. त्याआधी १९९८ साली जपानने विश्वचषकात पहिले पाऊल ठेवले आणि तिन्ही सामने गमावले होते. आता घरच्या मैदानावर अब्रूचा प्रश्न होता. फ्रेंच प्रशिक्षक फिलिप त्रुसिए यांनी तीन बचावपटूंची एक सरळ रेषा बसवली होती. तिघांनी एकदम पुढे सरकायचे, एकदम मागे यायचे, आणि प्रतिपक्षाच्या आघाडीच्या खेळाडूला ऑफसाइडच्या सापळ्यात पकडायचे. यात एकाचे पाऊल अर्ध्या हाताने मागे राहिले तरी सगळा सापळा फुकट. मात्सुदा त्या तिघांतला एक होता. जपानचे चारही सामने तो खेळला.

९ जूनला रशियाशी सामना झाला, तो मी बसलो होतो त्याच स्टेडियममध्ये. प्रेक्षक ६६ हजारांवर होते. इनामोतोने गोल केला आणि जपानने विश्वचषकातला आपला पहिला विजय मिळवला. निकाल पुन्हा १–०. पुन्हा एकाला नाव, शून्य बेवारशी. त्या तीन बचावपटूंपैकी मियामोतो लोकांच्या लक्षात राहिला, पण त्याचे एक कारण असे की मोडलेल्या नाकावर तो काळा मुखवटा घालून खेळत होता! बचाव करणाऱ्याला ओळख मिळवायची तर निदान नाक तरी मोडून घ्यावे लागते, असेच जणू.

बरे, यश निनावी आणि अपयशही निनावी असते तर हिशेब बरोबरीचा झाला असता. तसे होत नाही. त्याच स्पर्धेत पहिल्या सामन्यात, बेल्जियमविरुद्ध, जपानची रेषा पुढे सरकली असता एक प्रतिस्पर्धी नेमका तिच्या मागे धावला आणि त्याने गोल करून २–२ अशी बरोबरी साधली. ती चूक लगेच सर्वांना दिसली. तिच्यावर बोलणे झाले, लिहिणे झाले, आणि पुढच्या सामन्यात बचावफळीने आपली रेषा थोडी मागे घेतली. शेवटी तुर्कस्तानविरुद्ध बाराव्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला एकाने मोकळेपणी डोके लावले, आणि जपानचा प्रवास तिथेच संपला. तो एक क्षण सर्वांना आठवतो. बाकीच्या मिनिटांत जे आत गेले नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की जगातली कितीतरी माणसे याच पंक्तीला बसलेली आहेत. रेल्वेच्या रुळावर रोज हातोडी घेऊन फिरणारा गँगमन, छापखान्यातला मुद्रितशोधक, धरणाच्या भिंतीवरची ओल वहीत टिपून ठेवणारा कारकून, गावोगाव लस टोचत हिंडणारी परिचारिका. यांचे काम उत्तम झाले की त्याची खूण राहत नाही. गाडी वेळेवर पोचते, पुस्तक सरळ वाचले जाते, मूल आजारी पडत नाही. आपण म्हणतो, काही झाले नाही. आणि जेव्हा काही होते, तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'तुम्ही काय करत होता?'

हे सर्व मी एका संध्याकाळी मुलाला मोठ्या आवेशाने सांगितले. तो इंजिनियर आहे. आवेशाने तो हलत नाही. तो म्हणाला, "बाबा, हे ऐकायला बरं वाटतं. पण अमुक घडलं नाही ते याच्यामुळेच, हे ठरवायचं कसं? कदाचित ब्राझीलवाल्यांचे नेम त्या दिवशी चुकत असतील. पहारेकरी जागा होता म्हणून चोर आला नाही, की चोर मुळात येणारच नव्हता? दोन्ही रात्री सारख्याच दिसतात. असं श्रेय वाटायला लागलात, तर झोपलेला पहारेकरीसुद्धा रांगेत येऊन उभा राहील."

मला कबूल केले पाहिजे की या प्रश्नाने मी दोन दिवस निरुत्तर होतो. कारण प्रश्न खरा आहे. आपल्या कार्यालयांत अशी माणसे आपण पाहिली आहेत. 'माझ्या कारकिर्दीत काही गडबड झाली नाही,' असे ती निवृत्तीच्या भाषणात छाती काढून सांगतात, आणि गडबड न होण्याचे कारण एवढेच असते की त्यांच्या कारकिर्दीत काहीच झालेले नसते. जागृत माणसाचे शून्य आणि आळशी माणसाचे शून्य कागदावर एकसारखेच गोल असते.

तिसऱ्या दिवशी मला कॉलेजात शिकलेली एक जुनी गोष्ट आठवली. आपल्याकडच्या न्याय-वैशेषिक परंपरेतल्या पंडितांनी 'अभाव' हाही एक पदार्थच मानला. जमिनीवर घडा नाही, हेही एक ज्ञान आहे, आणि ते डोळ्यांनी होते असे त्यांचे म्हणणे. त्या वेळी आम्ही विद्यार्थी याला हसत होतो. नसलेला घडा दिसतो म्हणजे काय? आता वाटते की म्हाताऱ्यांना चांगलेच कळत होते. नसलेला घडा कोणालाही दिसत नाही. तो तिथे असू शकला असता हे ज्याला ठाऊक आहे, आणि जो मुद्दाम त्या जागेकडे पाहतो, त्यालाच तो दिसतो. अजून न झालेल्या गोष्टीच्या नसण्याला त्यांनी 'प्रागभाव' असे वेगळे नावसुद्धा देऊन ठेवले आहे. बचावपटू हा त्या प्रागभावाचा राखणदार. गोल अजून झालेला नाही, ही स्थिती तो शेवटची शिट्टी होईपर्यंत सांभाळतो.

म्हणजे माझ्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर आहे, फक्त ते कोष्टकात नाही. निकालावरून जागा पहारेकरी आणि झोपलेला पहारेकरी ओळखता येत नाही हे खरे. पण पहाऱ्याकडे पाहिले की ओळखता येतो. त्यासाठी रात्री उठून बघावे लागते, एवढेच. पुढच्या रविवारी मी नातवाच्या सामन्यात चेंडूकडे पाहायचे नाही असे ठरवले. फक्त नातवाकडे पाहायचे. फार कठीण गेले, डोळे सारखे चेंडूमागे धावत. पण जे दिसले ते मी आधीच्या रविवारी अजिबात पाहिले नव्हते. चेंडू मैदानाच्या त्या टोकाला असताना हे पोर इकडे एका उंच मुलाच्या खांद्याला खांदा लावून उभे असे. तो दोन पावले डावीकडे गेला की हा दोन पावले डावीकडे. त्या उंच मुलाकडे चेंडू येऊच नये अशा जागी तो उभा राही, आणि म्हणून चेंडू येत नसे. चेंडू आला नाही म्हणून नातवाला काही करावे लागले नाही, आणि काही करावे लागले नाही म्हणून तो म्हणत होता, मी काही केलंच नाही!

त्या मैदानाच्या कडेला बसल्या बसल्या मला माझ्या घरची बादली आठवली.

आमच्या हिला दिवाळीत एक खोड होती. लक्ष्मीपूजन झाले, मुले फटाके घेऊन अंगणात धावली, की ही पितळी बादली काठोकाठ भरून पायरीशी आणून ठेवी आणि तिच्याशेजारी पाटावर बसून राही. अंगावर सुती पातळ. सणासुदीचे रेशमी नेसलेले ती तेवढ्यापुरते बदलून येत असे. मुले भुईनळे लावीत, बाण सोडीत. आम्ही सगळे माना वर करून आभाळाकडे पाहत असू. ती कधी वर पाहत नसे. तिची नजर मुलांच्या हातांवर, त्यांच्या झग्यांच्या घोळांवर, विझल्यासारख्या दिसणाऱ्या फटाक्यांवर असे. तीस-बत्तीस वर्षांत ती बादली एकदाही उपयोगात आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाणी ती तुळशीला घाली.

एका दिवाळीला घरी पाहुणे होते. फराळाच्या ताटावर कोणी तरी म्हणाले, वहिनींची फारच धावपळ झाली असेल. मी हसत हसत म्हणालो, "कसली धावपळ! काल संध्याकाळी तर सबंध वेळ बादलीपाशी बसून होती. काही केलंच नाही हिने!" सगळे हसले. तीही हसली, आणि चहा आणायला आत गेली.

ती जाऊन आता सात वर्षे झाली. तिच्यामुळेच आमच्या अंगणात कधी कोणी भाजले नाही, असे मी सिद्ध करू शकत नाही. मुलगा म्हणेल तसे, कदाचित कोणी भाजणारच नव्हते. पण तिच्या पहाऱ्याकडे मी पाहू शकत होतो, आणि मी आभाळाकडे पाहत राहिलो. बत्तीस वर्षांत तिने एकही बाण फुटताना धड पाहिला नसेल, हे मला योकोहामाच्या त्या मैदानावर उमगले.

मात्सुदाकडे परत येतो. बचाव करणारी माणसे म्हणजे कोणी अबोल, सोशिक संत असतात असा माझा समज होऊ लागला होता. त्याने तोही मोडला. हा गडी तापट म्हणून प्रसिद्ध होता. चिडे, हुज्जत घाली, कार्डे ओढवून घेई. कदाचित म्हणूनच योकोहामाच्या लोकांना तो आपल्या घरातला वाटे. २००३ आणि २००४ अशी ओळीने दोन वर्षे मारिनोसने लीग जिंकली. दुसऱ्या वर्षी अंतिम लढतीचा पहिला सामना १–० असा जिंकला, दुसरा ०–१ असा गमावला, आणि पेनल्टींवर विजेतेपद राखले. त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्सुदाच्या शेजारी खेळणाऱ्या युजी नाकाझावाला, म्हणजे एका बचावपटूलाच मिळाला. तेव्हा शून्याचा धनी कधीच ओळखला जात नाही असेही नाही. पाहणारे असले की ओळखला जातो. मात्सुदाच्या नावावर राष्ट्रीय संघाचे चाळीस सामने आहेत आणि गोल एक. मारिनोससाठी तो लीगचे ३८५ सामने खेळला.

सोळा वर्षांच्या चाकरीनंतर, २०१० सालच्या अखेरीस, संघाने त्याचा करार पुढे न चालवण्याचा निर्णय घेतला. चाहते संतापले. परंतु मी संघाला दोष देणार नाही. बचावपटूचे पाय तिशीनंतर जड होतात, आणि संस्थेला पुढच्या वर्षाचा हिशेब मांडावा लागतो. मला कुतूहल होते ते एवढेच, की ज्याचे सबंध आयुष्याचे काम कोष्टकात उतरले नाही, तो माणूस अशा वेळी काय म्हणतो? मोसमाच्या शेवटच्या सामन्यानंतर तो प्रेक्षकांपुढे उभा राहिला. त्याने ना उपकारांचा हिशेब काढला, ना अन्यायाचा. तो जे बोलला त्याचा मथितार्थ एवढाच होता, की मला फुटबॉल खरोखर फार आवडतो आणि मला अजून खेळायचे आहे.

आणि तो खेळायला गेलाही. नागानो प्रांतात डोंगरांच्या कुशीत मात्सुमोतो नावाचे शहर आहे. तिथला मात्सुमोतो यामागा हा संघ त्या वेळी तिसऱ्या पायरीवर खेळत होता. 'यामागा' हे नाव स्टेशनासमोरच्या एका कॉफीच्या दुकानाचे. १९६५ च्या सुमारास तिथे जमणाऱ्या खेळाडूंनी संघ काढला आणि दुकानाचेच नाव त्याला दिले. विश्वचषक खेळलेला माणूस त्या संघात येऊन पुन्हा ३ नंबरची जर्सी घालून उभा राहिला.

येथे मला माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडले. ज्याचे काम दिसत नाही, त्याने श्रेयाची वाट पाहत बसू नये. ते काम आवडत असेल तरच त्याने ते करावे. कारण दुसरे वेतन बहुधा मिळत नाही. पण हे अर्धेच उत्तर आहे, आणि ते फक्त बचाव करणाऱ्याने स्वतःला द्यायचे आहे. ज्यांचा बचाव झाला त्यांनी ते त्याच्या तोंडावर फेकायचे नाही. 'तिला आवडत होतं म्हणून ती करत होती,' असे म्हणून मी सुटत नाही.

२ ऑगस्ट २०११ रोजी सकाळी मात्सुमोतोत सरावाला सुरुवात होऊन थोडाच वेळ झाला होता. धावणे संपले आणि मात्सुदा कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. दोन दिवसांनी, ४ ऑगस्टला, तो गेला. वय ३४.

हृदयाची लय बिघडून ते थांबते तेव्हा विजेचा धक्का देऊन ती लय परत आणणारे एक यंत्र असते. त्याला एईडी म्हणतात. ते आपण होऊन सूचना देते, त्यामुळे डॉक्टर नसलेला माणूसही ते चालवू शकतो. जपानने जुलै २००४ पासून सामान्य नागरिकांना तशी मोकळीक दिली आहे. अशा प्रसंगी धक्का द्यायला जितका उशीर होईल, तितकी दर मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. मात्सुदा ज्या मैदानावर पडला, तिथे हे यंत्र नव्हते.

ते असते तर तो वाचला असता काय? निश्चित कोणी सांगू शकत नाही. माझ्या मुलाचा प्रश्न इथे उलटा होऊन समोर येतो. जे असते तर काय झाले असते, तेही आपल्याला कळत नाही. ज्याने आयुष्यभर अनर्थ अडवण्याचे काम केले, त्याच्यापाशी त्या सकाळी त्याच्यासाठी अडवणारे काही नव्हते, एवढेच खरे. त्याच्या मृत्यूने जपान हळहळले. त्याच्या आप्तांनी आणि चाहत्यांनी या यंत्राच्या प्रसाराचे काम पुढे चालवले. योकोहामाच्या स्टेशनावर मी रोज जात-येत असे, तिथे भिंतीवर अशी एक पेटी आहे. पहिल्या महिन्यात ती मला दिसलीच नव्हती. दुसऱ्या महिन्यात मी तिच्यासमोर थांबू लागलो. पेटी बंद असे, काचेवर बोटाचा ठसाही नसे. हजारो माणसे तिच्यापुढून घाईने निघून जात. ती उघडावी लागू नये हीच सर्वांची इच्छा, आणि तरी ती तिथे रोज हवी. पायरीशेजारची बादलीच ती!

मात्सुदाची आठवण दोन संघांनी दोन तऱ्हांनी ठेवली. मारिनोसने ३ हा आकडा कायमचा बाजूला ठेवला. संघ मैदानात उतरला की तेवढी एक जागा मोकळी असते, आणि जाणणाऱ्याला ती दिसते. नसलेल्या घड्यासारखीच. मात्सुमोतोत मात्र २०१४ साली हायुमा तानाका हा बचावपटू आला. योकोहामाला तो मात्सुदाच्या शेजारी खेळलेला होता. त्याने तो ३ आकडा आपल्या पाठीवर घेतला आणि त्याच वर्षी मात्सुमोतोने पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये प्रवेश मिळवला. रिकामी जागा जपणे हा एक आदर झाला. त्या जागी स्वतः जाऊन उभे राहणे हा दुसरा. यांत श्रेष्ठ कोणता, हे मला सांगता येणार नाही. पण माझ्या वाट्याला कोणता आहे ते मला कळले.

गेल्या दिवाळीला मी इकडे परत आलो होतो. आता अंगण नाही, इमारतीचे आवार आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नातवाचा फोन आला. सामना झाला होता, ०–० असा बरोबरीत सुटला होता. मी विचारले, "मग तू काय केलंस?" तिकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "आजोबा, त्यातलं एक शून्य आमचं आहे ना!"

फोन ठेवून मी माळ्यावरची पितळी बादली काढली, घासली, भरली आणि खाली नेऊन जिन्याच्या पायरीशी ठेवली. तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो. शेजारच्या घरातली एक चिमुरडी फुलबाजी नाचवीत आली आणि म्हणाली, "आजोबा, ही बादली कशाला?"

मी म्हटले, "काही नाही, असू दे. तू हात जरा लांब धर."

त्या संध्याकाळी आभाळात पुष्कळ रोषणाई झाली म्हणतात. मी काही ती पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली उचलून तुळशीकडे नेली. पाणी थेंबभरही कमी झालेले नव्हते. वय झाले म्हणून असेल, बादली मला फार जड लागली. ही ती बत्तीस वर्षे एकटीने उचलत होती.